पाच अंशांचे शीतगृह आणि सीताफळाची पेशी

ज्या शीतगृहाविषयी हे परीक्षण आहे, त्याचे नाव मी येथे देणार नाही. चालकांशी माझे वैर नाही, झालेल्या नुकसानीत माझाही वाटा होता, आणि जी चूक तेथे घडली ती त्यांची एकट्यांचीच असेल असेही मला वाटत नाही. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाबाहेर ते आहे, एवढे पुरे. मी स्वतः बालाघाटाच्या उतारावर दोन एकर सीताफळ आणि दीड एकर केसर आंबा सांभाळतो. त्याआधी सत्तावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. पेशीपटलाची आकृती फळ्यावर हजारदा काढलेल्या माणसाने स्वतःची फळे विचार न करता पाच अंशांत नेऊन ठेवावीत, ही लाज या लेखनामागे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इमारत चांगली आहे. चार चेंबर, उष्णता अडवणाऱ्या फोमच्या (पीयूएफ) जाड पॅनेलच्या भिंती, अमोनियावर चालणारी यंत्रणा, लाईट गेली की मिनिटभरात सुरू होणारा जनरेटर, आणि प्रत्येक दारावर लाल आकड्यांत तापमान दाखवणारी पाटी. भाडे क्रेटमागे दिवसाला सव्वा रुपया, हमाली वेगळी. पावती लगेच मिळते, माल मोजून घेतला जातो आणि मोजूनच परत दिला जातो. हमाल क्रेट आपटत नाहीत, ही मोंढ्यात दुर्मीळ झालेली गोष्ट येथे पाहायला मिळाली. वर्षभरात येथे प्रामुख्याने चिंच, मिरची, बेदाणा आणि जालन्याकडची मोसंबी असते; सीताफळ आणि आंबा हे हंगामी पाहुणे. सगळ्या चेंबरांचे तापमान पाच अंश. सेवेबद्दलच्या माझ्या तक्रारीचे मूळ या एका वाक्यात आहे.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आसपास एकदम माल आल्यामुळे भाव पडला, तेव्हा मी चाळीस क्रेट सीताफळ आठ दिवसांसाठी तेथे ठेवले. फळे पक्व पण टणक होती, डोळ्यांमधल्या रेषा नुकत्याच पिवळसर होऊ लागल्या होत्या. आठव्या दिवशी क्रेट बाहेर काढले तेव्हा फळे तोडल्या दिवसासारखी हिरवी आणि कडक दिसत होती, आणि मी व्यवस्थापकांचे मनापासून आभार मानले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साल कॉफीच्या रंगाची होऊ लागली. तिसऱ्या दिवशी ती काळी झाली. डोळे उघडलेच नाहीत. काही फळे दगडासारखी राहिली, काही एका बाजूने लिबलिबीत झाली, आणि फोडल्यावर सालीलगतचा गर तपकिरी, रवाळ आणि बेचव निघाला. सीताफळाचा वास तर कुठेच नव्हता. बागवानाने एक क्रेट उघडून पाहिले आणि बाकीचे उघडू नका म्हणाला.

शीतगृहात तक्रार घेऊन गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी नोंदवही पुढे ठेवली. "सर, आठ दिवसांत काटा पाचाच्या वर गेला नाही, आणि चाराच्या खाली आला नाही." ते खरे होते. त्यांनी जे कबूल केले होते ते चोख दिले होते. माझ्या फळांना मात्र त्या चोखपणानेच मारले.

थंडीने फळ खराब होणे म्हणजे ते गोठणे, अशी आपली समजूत असते. पण पाच अंशांत काही गोठत नाही. साखरेने भरलेला सीताफळाचा गर तर शून्याखाली दोनेक अंश गेल्याशिवाय गोठत नाही. गोठण्याच्या कितीतरी वर, आपल्याला केवळ गार वाटणाऱ्या तापमानात उष्ण प्रदेशातील वनस्पतींच्या पेशी आतून मोडतात, आणि शास्त्र या इजेला गोठण्यापासून वेगळी मानते. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १८९७ मध्ये वनस्पतींच्या गोठण्यावर पुस्तक लिहिले, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोठताना पाहिल्या, आणि गोठण्याविना होणाऱ्या इजेला स्वतंत्र नाव दिले. म्हणजे हा भेद सव्वाशे वर्षे जुना आहे. शीतगृहाच्या पावतीपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

पेशीत नेमके काय होते ते समजण्यासाठी घरातली दोन तेले पुरेशी आहेत. डिसेंबरच्या सकाळी परभणी किंवा हिंगोलीत कोणाच्याही न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली पांढरी घट्ट झालेली असते, आणि शेजारी स्वयंपाकघरात करडईचे तेल नेहमीसारखे वाहत असते. खोबरेलातील मेदाम्लांपैकी बहुतांश संपृक्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्याने त्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली तेल थिजते. करडईतील जवळपास तीन चतुर्थांश मेदाम्ल दोन ठिकाणी वाकलेले असते, आणि वाकलेल्या काड्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्याही सहज थिजत नाहीत. पेशीभोवतीचा पडदा, आणि पेशीच्या आतील हरितलवक (उजेडात साखर बनवणारे हिरवे कण), तंतुकणिका (श्वसनातून ऊर्जा देणारे कण), रिक्तिका (पेशीरसाची पिशवी) या प्रत्येकाभोवतीचा पडदा अशाच मेदांच्या दुहेरी थराचा बनलेला असतो. (बियांतले साठवणीचे तेल आणि पडद्यातले मेद एक नव्हेत, हे वर्गात मुलांना सांगावे लागे, म्हणून येथेही सांगतो, तुलना फक्त थिजण्यापुरती आहे.) सीताफळ, आंबा, केळी यांच्या पडद्यांत सरळ साखळ्यांचे प्रमाण तुलनेने जास्त. बारा-तेरा अंशांच्या खाली त्या पडद्याचे काही तुकडे घट्ट होतात आणि काही पातळच राहतात. या दोन प्रकारच्या तुकड्यांच्या सांध्यावर पडदा गळू लागतो.

ही गळती घरी मोजता येते, आणि मी ती मोजली. ठिबकमधून खत सोडणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांकडे पाण्यातील क्षार मोजायचे ईसी मीटर असते. शीतगृहातून आलेल्या फळाच्या आणि झाडावरून ताज्या तोडलेल्या फळाच्या सालीचे सारख्या वजनाचे तुकडे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या दोन वाट्यांत दोन तास ठेवले. तुकडे कापतानाच्या जखमेतून थोडा रस दोन्हीकडे गळणारच, म्हणून ते आधी एकदा धुऊन घेतले. शीतगृहाच्या फळाच्या वाटीतला आकडा ताज्या फळाच्या वाटीपेक्षा दुपटीहून अधिक आला. तो आकडा मुख्यतः पेशीतून बाहेर पडलेल्या पोटॅशियमचा आणि इतर क्षारांचा. महत्त्वाचे म्हणजे ही चाचणी मी फळे काढली त्याच संध्याकाळी केली होती, जेव्हा साल अजून हिरवीगार दिसत होती. डोळ्याला इजा दिसायच्या आधी मीटरला ती दिसते.

गळतीनंतर जे होते ते एकापाठोपाठ एक नव्हे, एकाच वेळी अनेक ठिकाणी होते, आणि म्हणूनच ते समजायला अवघड आहे. पेशीद्रव्य जिवंत पेशीत सतत फिरत असते. काकडी, टोमॅटो यांसारख्या वनस्पतींच्या रोमपेशींत हे फिरणे दहा अंशांच्या आसपास थांबते, तर गाजर-मुळ्यात ते शून्याच्या जवळपासपर्यंत चालू राहते. पेशीला आतून आधार देणाऱ्या आणि वाहतुकीचे रूळ म्हणून काम करणाऱ्या सूक्ष्म नलिका थंडीत सुट्या होऊन विरघळतात. कॅल्शियम, जे एरवी रिक्तिकेत आणि भित्तीत बंदिस्त असते, ते पेशीद्रव्यात शिरते आणि चुकीचे संदेश सुटू लागतात.

पेशीतील अंगकांपैकी डोळ्याला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला, सर्वांत आधी बदललेले दिसते ते बहुधा हरितलवक. ते फुगते. त्यातील स्टार्चचे कण लहान होत जाऊन नाहीसे होतात. चकत्यांच्या चवडींसारखे रचलेले आतले पडदे सुजून एकमेकांपासून सुटतात, बाहेरच्या आवरणाला लहान लहान फुगे येतात, आणि थंडी चालू राहिली तर शेवटी आवरणच फुटते. उजेड असेल तर हे वेगाने होते, कारण थंडीत साखर बनवणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात पण प्रकाश पकडणारे हरितद्रव्य मंदावत नाही. पकडलेली ऊर्जा खर्च होईना की ती प्राणवायूवर पडते आणि पेशीला आतून जाळणारे आक्रमक रेणू तयार होतात. शीतगृहात अंधार असतो एवढे एक सुदैव. सीताफळाच्या हिरव्या सालीत हरितलवक भरपूर असतात, म्हणून इजा आधी सालीत दिसते आणि गरात नंतर.

तंतुकणिकांचे दुःख वेगळे आहे. लायन्स आणि रेझन या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवले की टोमॅटो, काकडी, रताळे यांसारख्या थंडी न सोसणाऱ्या वनस्पतींच्या तंतुकणिकांचा श्वसनवेग थंड करत नेताना नऊ ते बारा अंशांच्या दरम्यान एकाएकी कोसळतो. फुलकोबी, बटाटा, बीट यांच्यात तो संथपणे, एकसारखा उतरतो. तंतुकणिका फुगतात, त्यांच्या आतील घड्या कमी होतात आणि पेशीला लागणाऱ्या ऊर्जेचा पुरवठा आटतो. साखर तोडण्याचा पहिला टप्पा मात्र चालूच राहतो. पुढचा टप्पा अडल्याने मद्यार्क आणि त्याच्या जातीची संयुगे साचतात. माझ्या फळांना पिकल्याच्या गोड वासाऐवजी जो शिळा, आंबूस वास येत होता, तो बहुधा हाच.

काळा रंग रिक्तिकेच्या पडद्यातून येतो. वांगे चिरून ठेवले की ते काळे पडते हे प्रत्येकाला माहीत आहे. कापल्यामुळे रिक्तिकेत कोंडलेली फिनॉल-संयुगे आणि लवकांत बसलेले ऑक्सिडीकरणाचे विकर एकत्र येतात, हवा मिळते आणि काळे रंगद्रव्य तयार होते. सीताफळात हे विकर भरपूर असते. थंडीने रिक्तिकेचा पडदा गळू लागला की चाकू न लावता आतल्या आत तेच वांगे चिरले जाते. पण विकराला काम करायला ऊब लागते, आणि म्हणून पाच अंशांत फळ हिरवेच राहते. बाहेर काढून तीस अंशांच्या हवेत ठेवले की एका दिवसात काळे होते. याच कारणामुळे शीतगृहाच्या दारात उभे राहून, माल परत घेताना तपासणाऱ्या कोणालाही इजा कधीच दिसत नाही. व्यवस्थापकांची सर्वांत मोठी पुण्याई आणि ग्राहकाची सर्वांत मोठी अडचण तीच आहे: काळे पडलेले फळ नेहमी दुसऱ्याच्या घरी काळे पडते.

ही सारी तेलाची उपमा म्हणजे केवळ गोष्ट नाही, याचा पुरावा १९९२ मध्ये जपानच्या नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी दिला. तंबाखूच्या रोपात त्यांनी लाल भोपळ्याच्या जातीतील वनस्पतीचे एक जनुक घातले, तेव्हा हरितलवकाच्या पडद्यातील एका मेदात सरळ साखळ्या वाढल्या आणि तंबाखू थंडीला अधिक हळवा झाला. अरॅबिडॉप्सिस या थंडी सोसणाऱ्या मोहरीकुळातील वनस्पतीचे तेच जनुक घातले, तेव्हा तंबाखू अधिक सोशिक झाला. बाकी सगळे तेच, पडद्यातला एक मेद फक्त बदललेला. तरीही हा मेद म्हणजेच सारे कारण, असे म्हणता येत नाही. विकरे, सूक्ष्म नलिका आणि कॅल्शियम यांचा वाटा किती, यावर वाद आहे. मी शिक्षक होतो म्हणून हे नोंदवतो. शेतकरी म्हणून मला तेरा हा आकडा पुरेसा आहे.

आता त्या क्रेटांविषयी, जी पंख्यासमोर होती. चाळीसपैकी वरच्या थरातील तीन क्रेट थेट गार हवेच्या झोतात आली होती, आणि दारावरची पाटी खोलीचे तापमान दाखवते, झोताचे नव्हे. त्या तीन क्रेटांतील फळांवर काळेपणा येण्याआधीच पाण्याने भिजल्यासारखे पारदर्शक डाग होते आणि हात लावताच साल खचत होती. हे खरे गोठणे होते, आणि त्याची रीत निराळी. बर्फ प्रथम पेशीत होत नाही. पेशींच्या मधल्या पोकळ्यांतील पाण्यात साखर-क्षार कमी असतात, म्हणून ते आधी गोठते. एकदा तेथे बर्फ झाला की तो पेशीतील पाणी बाहेर ओढतो. शून्याखाली प्रत्येक अंशाला ही ओढ सुमारे १२ बारने वाढते, म्हणजे साधारण चारशे फूट खोल बोअरमधून पाणी वर ढकलायला जितका दाब लागतो तितकी. उणे दहा अंशांपर्यंत पेशीतील हलू शकणारे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी बाहेर गेलेले असते. पेशी गोठून मरते असे म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाळून मरते; आमच्या दुष्काळी भागाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आत उरलेले मीठ-आम्ल इतके दाट होते की विकरे आपला आकार सोडतात, आक्रसलेले पडदे एकमेकांत मिसळतात, आणि बर्फ वितळून पाणी परत आले तरी पेशीला पुन्हा फुगता येत नाही. पेशीच्या आतच बर्फ झाला, तर एवढा वेळही लागत नाही. पाण्याचे बर्फ होताना आकारमान नऊ टक्क्यांनी वाढते आणि स्फटिक थेट पडदे फाडतात.

ज्यांना हे स्वतः पाहायचे आहे त्यांनी रिओ या शोभेच्या झाडाचे पान घ्यावे. बारावीच्या प्रात्यक्षिकात मिठाच्या पाण्यात ज्याची जांभळी साल ठेवून पेशीद्रव्य आकसलेले आपण पाहतो, तेच. एक पान रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी पांढऱ्या बशीतल्या पाण्यात टाकले की काही मिनिटांत पाणी जांभळे होते. तो रंग रिक्तिकेत कोंडलेला होता. शेजारच्या बशीत साध्या पानाने पाणी तसेच राहते. मग दोन्ही पानांची साल मिठाच्या पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी: जिवंत पेशीत जांभळा गोळा भित्तीपासून सुटून आक्रसतो, मेलेल्या पेशीत आक्रसायला काही उरलेलेच नसते. मी निवृत्तीच्या वेळी महाविद्यालयाने भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. त्याचा एवढा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

येथे शीतगृहाच्या बाजूनेही लिहायला हवे. माझ्याच चेंबरमध्ये शेजारच्या रांगेत मोसंबी होती, आणि ती तीन आठवड्यांनी उत्तम निघाली, कारण मोसंबीला पाच ते आठ अंश मानवतात. चिंच येथे ठेवली की उन्हाळाभर तिचा रंग लाल-तपकिरी राहतो, काळी पडत नाही. मिरचीचा रंग आणि तिखटपणा टिकतो. या मालात जिवंत, श्वास घेणाऱ्या पेशी नाहीत किंवा असल्या तरी थंडी सोसणाऱ्या आहेत. पाच अंशांचा आकडा त्यांच्यासाठीच ठरलेला होता आणि त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. द्राक्षांना हा आकडा उलट जास्तच आहे. त्यांना शून्याजवळ हवे. बटाटा मधला. सात-आठ अंशांच्या खाली तो मरत नाही, स्टार्चची साखर करून स्वतःला सावरतो, पण मग त्याच्या तळलेल्या काचऱ्या काळ्या होतात आणि भाजी गोडसर लागते. आंब्याला बारा-तेरा, केळीला तेरा-चौदा. नांदेड-अर्धापूरची कच्ची केळी ज्याने कधी घरच्या फ्रीजमध्ये ठेवून पाहिली आहेत, त्याला सालीखालच्या त्या तपकिरी शिरा आणि कायमची राखाडी साल माहीत असते.

दुसऱ्या वर्षी मी अटी घालूनच गेलो. मे महिन्यात केसर आंब्याचे साठ क्रेट घेऊन गेलो आणि लहान चेंबर तेरा अंशांवर ठेवून मागितले. व्यवस्थापक आधी राजी नव्हते, कारण एक चेंबर वेगळ्या तापमानावर चालवायचे म्हणजे तो पूर्ण भरलेला हवा; शेवटी माझ्यासह तिघा बागाईतदारांनी मिळून तो भाड्याने घेतला आणि दर दोन रुपये ठरला. बारा दिवसांनी काढलेला आंबा नंतर आढीत नेहमीसारखा पिकला, वास सुटला, रंग आला, सालीवर राखी डाग पडले नाहीत. ऑक्टोबरमध्ये सीताफळासाठी तोच चेंबर पंधरा अंशांवर ठेवायला लावला. सहा दिवस गेले आणि साल काळी पडली नाही.

तरी तेही वर्ष निर्विघ्न नव्हते. चौथ्या दिवशी कोणाची तरी अर्धवट पिकलेली केळी त्याच चेंबरमध्ये ठेवली गेली. पाच अंशांत हे खपून गेले असते, पण पंधरा अंशांत फळे जागी असतात. केळ्यांतून सुटलेल्या इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूने माझे एक तृतीयांश सीताफळ दोन दिवसांतच डोळे उघडून बसले. ते वाया गेले नाही, मोंढ्याऐवजी गावातच स्वस्तात विकले गेले, पण चेंबर वेगळे करून देण्यात आणि ते वेगळे राखण्यात फरक आहे हे शीतगृहाला अजून शिकायचे आहे. आर्द्रतेकडेही त्यांचे लक्ष नाही. गार हवेच्या सततच्या झोताने फळाचे पाणी उडते, आणि थंडीने आधीच दुबळ्या झालेल्या सालीखालच्या पेशी खचून साल खड्डे-खड्डे होते. ओले पोते टाकून किंवा फवारा लावून नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखणे अवघड नाही.

गर काढून विकणाऱ्यांनी मात्र या सगळ्याचा बाऊ करू नये. सीताफळाचा गर उकळला की कडवट होतो, म्हणून तो उणे अठरा अंशांत गोठवतात, आणि गर काढतानाच पेशी मोडलेल्या असतात, तेव्हा पडद्याची काळजी करण्यात अर्थ नसतो. तेथे काळजी फक्त विकराची. झपाट्याने गोठवून स्फटिक बारीक ठेवले, तर वितळल्यावर पाणी कमी सुटते. पण या शीतगृहात उणे तापमानाची सोय नाही, आणि आहे असे जे दारावरच्या फलकावर लिहिले आहे ते व्यवस्थापकांना मला दाखवता आले नाही.

मोबदल्याच्या दृष्टीने पाहिले तर चिंच, मिरची, बेदाणा आणि मोसंबी यांसाठी ही सेवा मी पाचापैकी चार गुणांची मानतो. एक गुण गेला तो अरुंद रस्त्याने. वेगळा चेंबर मिळवू शकणाऱ्या आंबा-सीताफळ उत्पादकांसाठी ती तीन गुणांची आहे, तीही सोबत तीन-चार जण असतील तरच. एकट्याने वीस-पंचवीस क्रेट सीताफळ घेऊन जाणाऱ्याने तेथे ठेवू नये. त्यापेक्षा विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून, वर गवताचे झाकण टाकलेला शून्य ऊर्जेचा कक्ष झाडाखाली बांधावा. कोरड्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश गार राहतो, वीज मागत नाही, आणि आमच्याकडच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या आतली थंडी सीताफळाच्या पडद्याला धोका पोचवण्याइतकी कधीच उतरत नाही. मी या वर्षी तो बांधला आहे. आठ दिवस तो फळ धरून ठेवणार नाही, चार दिवस ठेवेल.

हे लिहिण्याआधी मी पुन्हा एकदा शीतगृहात जाऊन आलो. नुकसानभरपाई मागितली नव्हती आणि मिळालीही नाही. पण ईसी मीटरचा प्रयोग मी व्यवस्थापकांना त्यांच्याच टेबलावर करून दाखवला होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी मालकाला बोलावून पुन्हा करायला लावला. नव्या पावतीपुस्तकात 'माल' या रकान्याशेजारी 'अंश' असा एक रकाना त्यांनी छापून घेतला आहे. मी गेलो त्या दिवशी बारा पावत्या फाडलेल्या होत्या आणि बाराही पावत्यांवर तो रकाना रिकामा होता.